फर्दापूरचे तंबू आणि आमची भिंत

जालन्याहून अजिंठ्याची लेणी काही फार लांब नाहीत. राजूर, भोकरदन, सिल्लोड करत गेलं की अजिंठा गाव लागतं, आणि घाट उतरला की फर्दापूर. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. तोवर लेणी आणि आम्ही एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होतो. तरी आमच्या जुन्या जालन्यात लेणी न पाहिलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. बाजार, कचेरी, दवाखाना, सोयरीक यातून सवड मिळाली तर माणूस राजूरच्या गणपतीला जातो, जांबला समर्थांच्या गावी जातो, आषाढीला आनंदी स्वामींच्या पालखीत चालतो. लेणी राहूनच जातात.

मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत. तेव्हा गाइडनं लेण्याच्या दारात पांढरं कापड धरून उन्हाचा कवडसा आत फेकला आणि अंधारातून एक चेहरा वर आला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. आम्ही पोरं गप्प झालो. पुढं दहावी झाली, शाळा सुटली, औताला जुंपलो. पण तो कवडसा डोक्यातून गेला नाही. वाचनाची खोड होती, वाचनालयातून जे मिळेल ते आणत गेलो. अजिंठ्यावर जे हाती लागलं ते वाचलं. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात बसली. तीच इथं सांगायची आहे, कारण ती पुढं आमच्या घरातच कामाला आली.

अजिंठा म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या मद्रासच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात लेणी दिसली आणि त्यानं दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. दुसरी, मेजर रॉबर्ट गिल आणि पारोची. आमच्याच पट्ट्यातले शेतकरी कवी ना. धों. महानोर यांनी त्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, पुढं सिनेमाही निघाला. पारोची कबर अजिंठा गावात आहे, तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख आहे.

गोष्ट चांगलीच आहे. पण खरं सांगू? मला त्या प्रेमापेक्षा वेगळाच प्रश्न पडायचा. कंपनी सरकारनं १८४४ मध्ये गिलला हुकूम दिला की जा आणि लेण्यातली चित्रं उतरवून आण. आता ही चित्रं म्हणजे काही एकदोन नव्हेत. भिंतीच्या भिंती, छतच्या छत, खांबसुद्धा. कुठं गिलावा पडलेला, कुठं धुरानं काळं झालेलं, वर वटवाघळं, बाहेर आग्यामोहोळाची पोळी. खाली वाघूर नदी आणि जंगल. अशा जागी पहिल्या दिवशी हा माणूस बसला कुठं? पहिली रेघ कशाची ओढली? शेत मोठं असलं की नवख्या माणसाचं असंच होतं. बांधावर उभा राहून नुसता बघत बसतो. पहिलं तास कुठून धरायचं तेच कळत नाही.

गिलनं वर्षानुवर्षं काम केलं. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रं उतरवून लंडनला पाठवली. ती तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. इकडं मूळ चित्रं दगडाच्या पोटात दीड हजार वर्षं तगली, आणि तिकडं त्यांची नक्कल वीस वर्षंही टिकली नाही. गिलनं तरी काम सोडलं नाही, हातात कॅमेराही घेतला. १८७९ मध्ये तो वारला.

मग सरकारनं नव्यानं काम काढलं ते १८७२ साली. मला खरी ओढ आहे ती या कामाची, कारण हे काम शिकणाऱ्या पोरांनी केलं.

मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख रुपयांची देणगी दिली होती. त्या शाळेत जॉन ग्रिफिथ्स नावाचे शिक्षक १८६५ मध्ये विलायतेहून आले. त्यांनी आपले सातएक विद्यार्थी निवडले आणि अजिंठ्याला घेऊन आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत थंडीच्या दिवसात हे काम चाललं. पेस्तनजी बोमनजी हा पारशी मुलगा त्यांच्यात होता, पुढं तो नामांकित चित्रकार झाला. बाकीच्यांत जयराव राघोबासारखी नावं दिसतात, म्हणजे आपल्याच मराठी मुलखातली पोरं.

त्या पोरांचा विचार करा. रेल्वे खानदेशापर्यंत आलेली होती, पुढं बैलगाडी. मुंबईच्या शाळेत त्यांना विलायती पुतळ्यांचे साचे बघून चित्रं काढायला शिकवत. सरळ रेघ, गोल, छाया-प्रकाश, सगळं तिकडच्या पद्धतीनं. आणि इथं समोर आलं ते भलतंच. सावल्या जवळजवळ नाहीतच, सगळी करामत रेषेची. बोटं बघावीत तर कमळाच्या पाकळीगत. डोळे बघावेत तर अर्धे मिटलेले. आपल्याला जे शिकवलं ते इथं लागू पडत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी उमगलं असणार. मग त्यांनी काय केलं? जेवढा प्रकाश दारातून यायचा तेवढ्यात जेवढी भिंत दिसायची, तिच्यासमोर बसले. एक तुकडा धरला. छताचा एक चौकोन, त्यातलं एक फळ, एक हंस, एक वेल. दुसऱ्या लेण्याचं आणि पहिल्या लेण्याचं छत अशा चौकोनांनी भरलेलं आहे. नवशिक्याला सुरुवात करायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. ते चौकोन बघितले की मला दरवेळी वाफे आठवतात. एक वाफा भिजला की दुसरा.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींना व्हार्निश लावलं. तेवढ्यापुरते रंग उजळले, पण पुढं ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि त्याच्यासकट रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. नंतर १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावून भिंतींची दुरुस्ती करून घेतली. नक्कल करायला आलेल्यानं मूळ मालाला धक्का लावू नये. पीक बघायला आलेल्या पाव्हण्यानं कणसं मोडू नयेत, तसंच आहे हे.

ग्रिफिथ्स आणि त्यांच्या पोरांनी मिळून सुमारे तीनशे चित्रं केली. ती लंडनला गेली. आणि १८८५ मध्ये तिथंही आग लागली! त्यात पुष्कळ जळाली, पण दीडशेहून जास्त वाचली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सनी दोन मोठे ग्रंथ छापले. आज लेण्यातला एखादा भाग झडून गेलेला असला, तर तिथं काय होतं हे त्या पोरांच्या चित्रांवरून कळतं. असं काही होईल म्हणून ती पोरं बसली नव्हती. त्यांना गुरुजींनी काम दिलं होतं, ते त्यांनी केलं.

आता घरातलं सांगतो.

माझी नात नववीत आहे. हात चांगला आहे तिचा. एलिमेंटरीची परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या चित्रकलेच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं. आपल्या परिसरातल्या कलेवर किंवा वारशावर प्रत्येकानं एक चित्रप्रकल्प करायचा. आठ-दहा कागद, सोबत लिहिलेली माहिती, आणि डिसेंबरात शाळेत प्रदर्शन. अट एकच, मोबाईलमधलं चित्र बघून उतरवायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलंच पाहिजे.

पोरगी चार दिवस कोरा कागद पुढं घेऊन बसली. मी शेतातून आलो की बघायचो, कागद तसाच. पेन्सिलींना टोक काढून काढून त्यांची बोटभर झाली.

“का गं माय, काय झालं?”

“आबा, सुचतच नाही. एकीनं मस्तगड घेतला, एकीनं काळी मशीद घेतली, एकजण कुंडलिका नदी काढणार आहे. मला काहीच उरलं नाही.”

“एकच गोष्ट दोघींनी काढली म्हणून काय बिघडलं?”

“तसं नाही आबा. मला वेगळं पाहिजे. भारी पाहिजे.”

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिथंच मोबाईल बघत बसला होता. तो म्हणाला, “एवढा वेळ चित्रात घालवण्यापेक्षा गणित कर. पुढच्या वर्षी दहावी आहे. इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरतं ठीक आहे.” पोरीनं कागद गुंडाळला आणि आत गेली. मुलाचंही मी चुकीचं म्हणणार नाही. सोयाबीनला भाव नाही, मोसंबीची बाग पाण्यावाचून एकदा तोडून झालेली, पोरांनी नोकरीच्या लाइनीला लागावं असं कोणत्या बापाला वाटणार नाही? पण पोरगी आत गेली ती ज्या तऱ्हेनं गेली ते मला बरं वाटलं नाही. एखादी गोष्ट आवडीची असून सुरूच झाली नाही की माणूस ती आवडच सोडून देतो. शेजारीपाजारी अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. पेटी वाजवणारे, भारुड म्हणणारे, लाकडावर नक्षी काढणारे. कुणी मना केलं म्हणून त्यांचं थांबलं असं नाही. कुठून धरायचं ते कळलं नाही, दिवस गेले, आणि संपलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला फर्दापूरची गोष्ट सांगितली. मुंबईच्या पोरांची सांगितली, आणि मग दुसऱ्या पोरांची.

ही दुसरी पोरं आली ती १९०९ च्या थंडीत. लेडी हेरिंगहॅम नावाच्या विलायती चित्रकार बाई अजिंठ्याच्या नकला पुन्हा करायला आल्या, तो हिवाळा आणि त्याच्या पुढचा. अवनींद्रनाथ ठाकुरांचे विद्यार्थी त्यांच्या मदतीला आले. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरकडचे वेंकटप्पा. ही पोरं पाठवावीत म्हणून भगिनी निवेदितांनी फार धडपड केली, आणि जगदीशचंद्र बोसांसोबत त्या स्वतः लेणी बघायला येऊनही गेल्या. आपल्या निजामी मुलखातून, हैदराबादेहून, सय्यद अहमद आणि फजलुद्दीन हे दोघे आले. यातले सय्यद अहमद पुढं लेण्यांचे क्युरेटरच झाले, म्हणजे शिकाऊ म्हणून आलेला माणूस जन्मभराचा राखणदार झाला. मुक्काम फर्दापूरला, तंबूत. आमच्याकडची डिसेंबरातली थंडी तंबूत काढणं म्हणजे काय ते गव्हाला रात्रपाळीचं पाणी देणाऱ्यालाच विचारा.

नात म्हणाली, “पण आबा, ते तर नक्कलच करत होते. बाई तर नक्कल नको म्हणतात.”

प्रश्न बरोबर होता. मी तिला म्हणालो, बाई म्हणतात ती नक्कल वेगळी आणि ही वेगळी. मोबाईलवरचं चित्र उतरवताना तू काचेकडं बघतेस. ही पोरं भिंतीपुढं बसून बघत होती. ज्या माणसानं ती रेघ ओढली, त्याचा हात कुठून निघाला आणि कुठं वळला, हे त्यांना आपल्या हातानं शोधावं लागलं. महिना महिना एका भिंतीपुढं बसल्यावर ती रेघ हातात मुरते. मग ती कुठं उगवेल सांगता येत नाही.

नंदलालांचंच बघ, म्हटलं. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावटीसाठी गांधीजींनी नंदलालांना बोलावलं आणि सांगितलं, खेड्यात जे मिळतं त्यातच करा. बांबू, चटया, गवत, माती. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यार्थी म्हणून तंबूत राहिलेला माणूस सत्तावीस वर्षांनी पुन्हा तापीच्या खोऱ्यात आला, आणि त्यानं बांबूच्या कमानी उभ्या केल्या. दीड वर्षही झालं नाही तोच १९३८ मध्ये हरिपुराच्या अधिवेशनासाठी त्यांनी चित्रफलक केले. त्यात देवदेवता नाहीत, राजेराण्या नाहीत. ढोल वाजवणारा, शेतकरी, दळण-कांडण करणारी बाई, शिंपी, सुतार. रंग साधेच, मातीचे. आणि रेघ बघितली तर अजिंठ्याची! पुढं आपल्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजवायचं काम आलं तेही नंदलालांकडंच, आणि ते त्यांनी शांतिनिकेतनातल्या आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन केलं. तुझ्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानांवर जे संविधानाचं उद्देशपत्र असतं, त्याचं मूळ पान ब्योहर राममनोहर सिन्हा या त्यांच्या विद्यार्थ्यानं सजवलेलं आहे.

“म्हणजे तोही शाळेचाच प्रकल्प?” ती हसली.

“तसंच समज.”

त्या रात्री तिनं काही काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तर माझ्यामागं परसात आली. आमचं घर जुनं माळवदाचं. पुढं दोन खोल्या स्लॅबच्या झाल्या, मागची बाजू अजून मातीचीच होती. दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीची भिंत, शेणामातीचा गिलावा. दोन पावसाळ्यांपासून ती भिंत फुगली होती. सप्टेंबरातल्या पावसानं तर तिला हातभर भेग पडली. दिवाळीनंतर ती पाडायची असं मुलानं मिस्त्रीशी बोलून ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं, लेकरंबाळं खेळतात तिथं.

त्या भिंतीवर माझी आई दर नागपंचमीला चित्र काढायची. आधी गेरूनं हातभर लांब-रुंद चौकोन सारवायचा, त्यावर काडीला कापूस गुंडाळून चुन्यानं नागोबा काढायचा, त्याची सगळी कुळी काढायची. बाकीच्या बाया तेवढ्यावर थांबायच्या. आईचं मात्र भागायचं नाही. नागोबाच्या भोवतीनं ती काहीबाही भरायची. मोट, बैलजोडी, तुळस, उखळ. आमच्याकडं पहिली विजेची मोटार बसली त्या साली तिनं मोटारही काढली होती, दिसायला रांजणासारखी. आईला अक्षर येत नव्हतं. वर्षातून एकदा पुन्हा पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली की जुनं खाली जायचं आणि पुढच्या पंचमीला नवं वर यायचं. ती गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली. तिच्यानंतर कुणी काढलं नाही. आमच्या मंडळींनी कागदाचा नागोबा चिकटवायला सुरुवात केली.

मी पोरीला हे सांगत होतो आणि ती भिंतीच्या भेगेपाशी नख लावून बघत होती. फुगलेला पोपडा अलगद सुटला. त्याच्याखाली गेरूचा लाल रंग दिसला. त्याच्यावर पांढऱ्या रेघा, पुसट, पण रेघाच.

“आबा, इथं माणसं आहेत.”

चष्मा पुसून बघितलं. एका रांगेत बाया. डोक्यावर पाट्या. सगळ्यांचे हात एकाच बाजूला वर गेलेले. रांगेच्या शेवटी एक माणूस बसलेला, डोक्यावर छत्री, मांडीवर चौकोनी काहीतरी.

मी खालीच बसलो. ते १९७३ चं होतं. ७२ चा दुष्काळ, आणि आई दुष्काळी कामावर जायची. खडी फोडायला, रस्त्यावर माती टाकायला. मी बारा-तेरा वर्षांचा, तिच्यासोबत जायचो, सुकडी मिळायची म्हणून. छत्री घेऊन बसलेला तो मुकादम, आणि मांडीवरचं ते हजेरीचं मस्टर. त्या साली पंचमीला घरात लाह्यांनासुद्धा ज्वारी नव्हती. पण आईनं भिंत सारवली होती आणि नागोबासोबत हे काढलं होतं. मी तेव्हा ते बघितलं असणार. आठवत मात्र नव्हतं.

पोरगी काही बोलली नाही. आत गेली, वही-पेन्सिल घेऊन आली आणि उकिडवी बसली. पहिली काढली ती एका बाईची पाटी. फक्त पाटी. ती जमली नाही, खोडली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा तिनं खोडरबर बाजूला ठेवला आणि एका झटक्यात गोल घेतला, तसा आईच्या हाताचा झोक आला. आईची रेघ थांबत नव्हती ना, काडीवरचा चुना वाळायच्या आत ओढावी लागायची.

मग तिचं काम सुरू झालं. तिच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी सुचवलं की भिंतीला पाणी लावू नको, ब्रशनं धूळ झाड, फोटोही काढून ठेव, आणि प्रत्येक थराचा वेगळा कागद कर. हे ऐकून मला बरं वाटलं. व्हार्निशवाल्यांना कुणी असं सांगायला पाहिजे होतं. सुटलेला पोपडा तेवढाच काढायचा, बळजबरी करायची नाही, असं आमचं ठरलं. त्यामुळं पुष्कळ काही मिळालं नाही. दोन-तीन ठिकाणी नागाची वेटोळी, एका जागी अर्धा बैल, एका जागी नुसता हाताचा ठसा. पोळ्याला बैलाच्या अंगावर मारतात तसा. हात लहान होता. माझा की धाकट्या भावाचा, यावर भावाचा आणि माझा फोनवर वाद झाला, तो मिटला नाही.

रंगाचाही प्रश्न निघाला. दुकानातल्या पोस्टर कलरचा लाल तिला पटेना, फार भडक वाटायचा. मी म्हणालो, अजिंठ्याच्या कारागिरांनी तरी दुकानातून कुठं आणला होता? डोंगरातला गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, दिव्याची काजळी. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेला. भिंतीलासुद्धा आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवताचे धागे, शेण, आणि वरून चुन्याचा पातळ हात. म्हणजे आपल्या परसातल्या भिंतीचंच थोरलं भावंड. आणि पहिली आखणी तेही गेरूनंच करायचे. आधी तांबडी रेघ, मग रंग भरणं, मग शेवटी गडद रेघेनं पुन्हा बांधून घेणं. वाकाटकांचा मंत्री वराहदेव, ज्यानं सोळावं लेणं कोरवलं, त्याचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. तांबडी रेघ ओढणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

मग आम्ही बाजारातून पूजेच्या दुकानातला गेरू आणला, पाच रुपयाला खडा. पाट्यावर वाटला, फडक्यातून गाळला, डिंकाच्या पाण्यात कालवला. काजळी घरच्या दिव्यावर ताटली धरून काढली. सूनबाई ओरडली, तिची स्टीलची ताटली होती. कागदावर रंग बसला तसा पोरीचा चेहरा बदलला. बापानंही येऊन बघितलं. काही बोलला नाही, पण त्या संध्याकाळी गणिताचा विषय काढला नाही. नंतर काढला, रोज काढतो. दोन्ही चालू आहे.

दिवाळी झाली. मिस्त्री दोनदा येऊन गेला. तिचे सहा कागद झाले होते, बायांच्या रांगेचा मोठा कागद अर्धा राहिला होता. मी मुलाला म्हणालो, आठ दिवस थांब. तो म्हणाला, भिंत थांबली तर मी थांबतो. भिंत पाच दिवस थांबली. सहाव्या दिवशी पहाटे वरचा कोपरा आपोआप ढासळला, मग कुणी काही म्हणायचं राहिलं नाही. दुपारपर्यंत मजुरांनी सगळी उतरवली. मुकादमाची छत्री आणि शेवटच्या दोन बाया पोरीला भिंतीवरून घेता आल्या नाहीत, फोटो होता. फोटोवरून काढू का, असं तिनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, तेवढी जागा कोरी ठेव आणि खाली लिही की भिंत इथंवर होती.

ट्रॅक्टरमध्ये माती भरताना मजुरानं विचारलं, “मालक, ही कुठं टाकायची, शेतात की खड्ड्यात?”

मी शेतात म्हणणार, तेवढ्यात पोरगी आतून दोन रिकामी घमेली घेऊन आली. तिला प्लायवूडच्या फळीवर गिलावा करून बघायचा होता. माती चाळून घमेल्यात भरली आणि मला विचारू लागली, घमेल्याला भुसा किती घालायचा आणि शेण ओलं की वाळलेलं.